आपल्यावर आलं तरच बोलायचं का?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीची मीटिंग होती आणि विषय एकच, कॅरोलचा रूट. आमच्याकडे नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, नाताळाच्या आधी रात्रीच्या फेऱ्या निघतात, ढोलकी, खंजिरी, पेटी गळ्यात अडकवलेला एक जण आणि मागे मफलर गुंडाळलेली पोरं. माझे वडील गॅसबत्ती घेऊन पुढे चालायचे ते मला चांगलं आठवतंय. ही फेरी कायम बाजारपेठेतून जायची, किराणा दुकानवाले काका पोरांना शेंगदाण्याची चिक्की द्यायचे, कोपऱ्यावरचे बेकरीवाले चाचा नानकटाई द्यायचे, शेवटी मारुतीच्या पाराजवळ थांबून एक भजन व्हायचं आणि मग सगळे घरी. यावेळी एक ज्येष्ठ पंच म्हणाले, यंदा बाजारातून नको, आपल्या गल्लीतल्या गल्लीत करू, स्पीकर नको, ढोलकी पण जरा हळूच. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण लक्षात आलं की कोणी बंदी घातली नव्हती, पोलिसांनी परमिशन नाकारली नव्हती, साधा धमकीचा फोनसुद्धा कोणाला आला नव्हता. ज्या काकांनी आम्हाला लहानपणापासून चिक्की दिली त्यांच्या दारात जायचं नाही हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं.

भीती खोटी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं जीपमध्ये झोपली होती, त्यांना तशीच जाळली, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या आईने त्या रात्री दाराला आतून दोनदा कडी लावून बघितली होती. २००८ ला ओडिशातच कंधमाळला ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, २०२३ च्या मे पासून मणिपूर जळतंय, २०२५ च्या जुलैत छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरांना, म्हणजे चर्चच्या नन्सना, धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. हे सगळं आपल्या फोनवर येतं, व्हिडिओसकट येतं, आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती एक टक्क्याहून पण कमी आहोत, साधारण दहा लाख ऐंशी हजार माणसं, तेव्हा छातीत धडधड होणारच.

आमच्या घरात पण झालंय. माझी आत्या एका खेड्यात राहते, तिच्या ओट्यावर दर शुक्रवारी दुपारी दहा-बारा बायका प्रार्थनेला जमतात, गेली कित्येक वर्षं. मागच्या पावसाळ्यात सात-आठ तरुण पोरं मोबाईल वर धरून ओट्यासमोर उभी राहिली. आधार कार्ड दाखवा, नावं हिंदूंची आणि प्रार्थना येशूची कशी काय, किती पैसे मिळतात, असं सगळं सुरू. आत्या म्हणाली, बसा रे, चहा टाकते. कोणी बसलं नाही. तेवढ्यात शेजारचे तात्या आले, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जाणारा माणूस, ते त्या पोरांच्या आणि ओट्याच्या मधे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चाळीस वर्षं मी या घरचा चहा पितोय, मला नाही कोणी बाटवलं, तुम्हाला काय होतंय? पोरं थोडा वेळ घुटमळली आणि गेली. व्हिडिओ त्यांनी कुठे टाकला का नाही माहीत नाही. आत्याने नंतर तात्यांना चहा दिला, साखर कमी, त्यांना शुगर आहे म्हणून.

हा प्रसंग मी आमच्या मंडळीत सांगितला तेव्हा सगळे म्हणाले, देवाने राखलं. राखलंच. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न फिरतोय. तात्या आपल्यासाठी उभे राहिले, आपण तात्यांसाठी कधी उभे राहिलो? त्यांची तीन एकर जमीन रस्त्याच्या संपादनात गेली, मोबदल्यासाठी ते दोन वर्षं तहसीलला खेटे घालत होते, गावातल्या लोकांनी उपोषण केलं, आमच्या मंडळीतलं एक माणूस तिथे जाऊन बसलं नाही. कारण तो काही "आपला" विषय नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी जरा जोरात म्हणणार आहे. या सगळ्या गोंधळाच्या दिवसात आपली श्रद्धा आपण फक्त स्वतःला वाचवायला वापरतोय. आपल्यात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक म्हणतात गप्प बसा, डोकं खाली घाला, जातील हे दिवस. दुसरे म्हणतात दाखवून द्या आपण देशासाठी किती केलंय, आमच्या शाळा बघा, आमची हॉस्पिटलं बघा, जसं काही नागरिकत्वाचा दाखला काउंटरवर सरकवतोय. वरून हे दोन्ही वेगळे वाटतात पण दोन्हीकडे काळजी एकाच गोष्टीची, आपलं काय होणार. शुभवर्तमानात येशूने "माझा शेजारी कोण" या प्रश्नाला उत्तर म्हणून चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला उचलून मदत करणाऱ्याची, आपण ती सनडे स्कूलमध्ये दरवर्षी नाटक करून दाखवतो, आणि आपलं पोरगं कायम शोमरोनी होतं. अरे पण त्या गोष्टीत शोमरोनी हा दुसऱ्या धर्मरीतीचा, तुच्छ मानलेला माणूस आहे, आणि बघून न बघितल्यासारखं करून रस्त्याच्या पलीकडून निघून गेलेत ते याजक आणि लेवी, म्हणजे देवळातलेच लोक. आत्याच्या ओट्यासमोर शोमरोनी कोण होतं ते मला सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हे कोणी केलं नाही असं पण नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. पंडिता रमाबाई घ्या. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून पुण्यात त्यांच्यावर काय काय टीका झाली ते सगळ्यांना माहितीये. पण १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांना जी वागणूक मिळत होती त्यावर याच रमाबाईंनी पेपरात जाहीर पत्र लिहिलं, सरळ इंग्रज सरकारच्या कारभाराविरुद्ध, आणि त्याचे पडसाद पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. राज्य ख्रिस्ती लोकांचं, त्या स्वतः ख्रिस्ती, दौंड तालुक्यात केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळायच्या, पैसा परदेशातून येणार, गप्प बसायला याहून मोठी कारणं कोणाकडे असतील? त्या बोलल्या कारण त्रास बायकांना होत होता, त्यातली कोण कुठल्या धर्माची हे त्यांनी मोजलं नाही. आज आपल्याला कोणी "इंग्रजांची पिलावळ" म्हटलं की आपण रडवेले होतो, त्यापेक्षा हे पत्र त्यांना वाचून दाखवलं पाहिजे, आणि आधी स्वतः वाचलं पाहिजे.

ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या नगरचेच म्हणायचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, आणि १९१७ ला तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले दोघांनाही जागा. पुढे दोन वर्षांत ते गेले, तो दरबार फार वाढला नाही. पण कंपाउंडच्या भिंतीत राहून ख्रिस्ती होता येत नाही हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं आणि आम्ही मागच्या वर्षी कॅरोल कंपाउंडात आणली.

आणि अगदी अलीकडचे म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२४ च्या जुलैत गेले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईची हिरवी जमीन बिल्डरांसाठी मोकळी व्हायला लागली, टँकर लागले, रात्रंदिवस विहिरींचं पाणी उपसून इमारतींना जायला लागलं, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधलं पाणी खारट होण्याची भीती उभी राहिली, बावखलं बुजायला लागली. बावखल म्हणजे वाडीतला तलाव हो, त्यातून आजूबाजूच्या विहिरी जित्या राहतात. त्यावेळी तिथे दहशत काय होती ते वसईच्या माणसाला विचारा. हा पाद्री माणूस झगा घालून त्यात उतरला, हरित वसई संरक्षण समितीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे एकत्र आले, कारण पाणी काही कोणाचा धर्म विचारून खारट होत नाही. त्यांना चर्चमधल्याच काही लोकांनी विचारलं असणार की फादर, तुम्ही मिस्सा सांगा, हे राजकारण कशाला. २०१९ ला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, आयोजकांना फोन गेले, तरी २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ते व्यासपीठावर गेले आणि मराठी लेखक-वाचक त्यांच्या मागे उभे राहिले. मला वाटतं ती माणसं एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या मागे उभी नव्हती, वसईच्या पाण्यासाठी भांडलेल्या आपल्या माणसाच्या मागे उभी होती.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे पाठिंबा मिळवण्यासाठी समाजकार्य करायचं का? नाही. तसा हिशोब करून केलं तर ती परत स्वतःचीच काळजी झाली, आणि लोकांना वास येतो हो अशा मदतीचा. त्यावरून धर्मांतराचा विषय निघतो आणि तो टाळून हा लेख पुढे नेता येणार नाही.

आपल्यातले काही प्रचारक दुसऱ्यांच्या देवांना सैतान म्हणतात, माईकवरून म्हणतात, तेलाच्या बाटलीने कॅन्सर बरा होतो म्हणून बॅनर लावतात. हे पाप आहे आणि आपण ते आपल्याच देवळात उभं राहून पाप म्हणलं पाहिजे, बाहेरच्यांनी म्हणायची वाट न बघता. तात्यांच्या विठ्ठलाला नावं ठेवून तुम्ही मला येशूबद्दल काहीही शिकवू शकत नाही. पण दुसरी बाजू पण तेवढीच स्पष्ट आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या चांगल्या शाळेतलं फुकट शिक्षण येतं, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन येतं, देवाच्या कोपाची भीती येते, गुन्हा केला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर तर तक्रार कोणीही करू शकतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. महाराष्ट्रात सुद्धा २०२५ च्या फेब्रुवारीत असा कायदा आणण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आता मला सांगा, ज्या महाराष्ट्रात १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि त्यानंतर एकवीस वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंच्या समोर धम्म स्वीकारला, त्या महाराष्ट्रात गरीब माणसाला स्वतःचा धर्म स्वतः निवडायची अक्कल नसते, त्याला कोणीतरी फसवतंच, असं गृहीत धरून कायदा करायचा? हा अपमान फक्त ख्रिस्ती माणसाचा नाही. हा प्रत्येक त्या आजीचा अपमान आहे जिने सगळ्या गावाच्या विरोधात जाऊन काहीतरी ठरवलं. माझी पणजी त्यातली होती. लोक म्हणायचे धान्यासाठी बाटली. घरात जे धान्य आलं ते दुष्काळापुरतं आलं आणि संपलं, पणजी त्यानंतर चाळीस वर्षं ख्रिस्ती म्हणून जगली, तिची भाकरी शेतातल्या मजुरीची होती.

आणि याच कायद्याच्या विरोधात आपण बोलतो तेव्हा कसं बोलतो बघा. चर्चेसची पत्रकं येतात, त्यात सिस्टर, फादर, पाळक, शाळा. आंतरधर्मीय लग्न करणाऱ्या मुसलमान पोराला याच कायद्याखाली उचलतात त्याच्याबद्दल त्या पत्रकात एक ओळ नसते. बाजारात फळवाल्यांवर बहिष्कार टाका म्हणून मेसेज फिरले तेव्हा आमच्या बेकरीवाल्या चाचांकडे जाऊन, चाचा, आमचा केक तुमच्याकडूनच येणार, एवढं म्हणायला आमची मंडळी गेली नाही. उलट ग्रुपवर एक जण म्हणाला की बरं आहे, लक्ष त्यांच्याकडे आहे तोवर आपण सुटलो. हे वाक्य एका ख्रिस्ती माणसाने टाईप केलं आणि त्याला दोन अंगठे आले. मला आजपर्यंत कुठल्याही जमावाची इतकी भीती वाटली नाही जितकी त्या दोन अंगठ्यांची वाटली.

स्टॅन स्वामींचं पण तेच. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात रांचीहून उचललेला त्र्याऐंशी वर्षांचा जेझुइट फादर, झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात सडणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी आयुष्य घातलेला, तळोजा जेलमध्ये. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पाण्याचा ग्लास धरता येईना म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईत बांद्र्याच्या हॉस्पिटलात कोठडीतच गेले, खटला उभा राहायच्या आधी. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतले किती लोक म्हणाले की फादर माणसाने कशाला पडायचं त्यात? म्हणजे ज्याने शेजाऱ्याची व्याख्या खरी मानली त्यालाच आपण दोष दिला. आणि हेच लोक सकाळी उठून इस्राएलसाठी प्रार्थनेचे फॉरवर्ड पाठवतात, बायबलमधलं इस्राएल आणि आजचं सरकार हे एकच धरून. गाझातल्या एकुलत्या एक कॅथलिक चर्चवर २०२५ च्या जुलैत हल्ला झाला, तीन माणसं मेली, त्याचा फॉरवर्ड मला आमच्या एकाही ग्रुपवर आला नाही. तिथे तर आपलेच होते!

आता घरातलं. लग्नाचं जमवायला लोक येतात, चहा होतो, मुलगी कुठल्या मंडळीची, मुलगा काय करतो, आणि मग आवाज थोडा खाली आणून कोणीतरी विचारतं, "तसे तुम्ही मूळचे कोण?" दीडशे वर्षं झाली तरी हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यातून गेला नाही. प्रभूभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा खाणारी माणसं सोयरिकीला मूळ विचारतात. आणि १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, ज्याने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना दिल्या, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आत आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. त्यामुळे आमच्या भागात कितीतरी कुटुंबं कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती अशी जगतात, आत्याच्या ओट्यावर त्या पोरांनी जे विचारलं ना, नाव हिंदूचं आणि प्रार्थना येशूची कशी, त्याचं उत्तर त्या आदेशात आहे. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अशा एका प्रकरणात सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा ही संविधानाशी फसवणूक आहे असं म्हटलं. कोर्टाचा मान ठेवून मी म्हणते, पोरीच्या फीसाठी खरं नाव लपवावं लागणाऱ्या आईला मी फसवणारी म्हणणार नाही. वाडा तोच, शिवी तीच, आणि बाप्तिस्म्याचा दाखला निघाला की ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र लागू नाही. २००७ च्या रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं होतं, २०२२ ला परत बालकृष्णन आयोग नेमला. या मागणीसाठी दलित मुसलमानांबरोबर एका मांडवात बसणारे ख्रिस्ती पुढारी किती, हाताच्या बोटांवर मोजा. आणि आपल्या घरात मूळ विचारणाऱ्यांनी सरकारकडे समतेची मागणी कुठल्या तोंडाने करायची हे पण सांगा.

आमचे पाळक चांगले आहेत, ते मला म्हणाले, ताई, एक टक्का पण नाही आपण, सगळ्यांची भांडणं अंगावर घेतली तर चिरडले जाऊ. मी त्यावर बराच विचार केला. ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. नवरा आणि दोन पोरं गेल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना माफ केलं हे सगळे सांगतात, पण त्या नंतर अनेक वर्षं ओडिशात बारीपदालाच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, हे कमी लोक सांगतात. त्यांच्याकडे तर गप्प बसायचा, निघून जायचा पूर्ण हक्क होता. संख्या बघून त्यांनी काही ठरवलं नाही. आणि खरं सांगायचं तर गल्लीतल्या गल्लीत कॅरोल करून आपण सुरक्षित झालो का? नाही झालो, फक्त बाजारातल्या माणसांना आपला चेहरा दिसेनासा झाला. जो चेहरा दिसत नाही त्याच्याबद्दल काहीही फॉरवर्ड खरं वाटतं.

यावर्षीच्या कमिटीत मी लेखी दिलंय. कॅरोल जुन्या रूटने न्यायची, काकांचं दुकान, चाचांची बेकरी, मारुतीचा पार, परमिशन रीतसर अर्ज करून घ्यायची, पार सांभाळणाऱ्या मंडळाला आपण आधी जाऊन भेटायचं. तात्यांच्या मोबदल्याच्या अर्जावर मंडळीतल्या वकील दादांनी मोफत बघावं, त्यांनी हो म्हटलंय. सोयरिकीत मूळ विचारणाऱ्याला पाळकांनी वेदीवरून नाव न घेता पण स्पष्ट सांगावं. तिसऱ्या मुद्द्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि दोघं जण बाहेर गेले. पहिले दोन पास झाले, तिसरा पुढच्या मीटिंगला ठेवलाय. ज्येष्ठ पंच, तेच, ढोलकी हळू म्हणणारे, जिन्यात मला थांबवून म्हणाले, गॅसबत्ती तुझ्या वडिलांची आहे का अजून? आहे, माळ्यावर, मेंटल बदलावं लागेल.